ओल

आमच्या डोंबिवलीच्या घरात, आतल्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर, एक खिळा होता. त्या खिळ्याला 37 वर्षं कॅलेंडर लटकत होतं. ते तिथेच का लटकतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. जुलै लागला की त्या भिंतीला ओल यायची. आधी तळहाताएवढी, मग श्रावणापर्यंत एखाद्या तालुक्याच्या नकाशाएवढी. ओल वाढत गेली तसं कॅलेंडरही मोठं होत गेलं. शेवटची काही वर्षं तर बाबा ऑफिसातून ते भलंमोठं, लांबूनही तारखा दिसणारं कॅलेंडर मुद्दाम मागून आणायचे.

बाबा 2021 मध्ये गेले. आई पुण्याला माझ्याकडे आली आणि डोंबिवलीचं घर बंद झालं. बंद घराचा खर्च काही बंद होत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेची पट्टी, वीजबिलातला स्थिर आकार, सगळं चालूच. वर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराला एक कोंदट वास धरायला लागला होता. दोन वर्षांनी आईच म्हणाली, "विकून टाकूया. आणि मला तुझ्या जवळपास, पण तुझ्या घरात नाही, असं एक लहानसं घर बघ." वाक्याचा दुसरा भाग माझ्या बायकोनं आणि मी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतला.

असं करत 2024 मध्ये मी फेब्रुवारीत विकणारा होतो आणि सप्टेंबरात घेणारा. माणूस बहुधा या दोन भूमिका दहा-पंधरा वर्षांच्या अंतरानं करतो, त्यामुळे एकीतलं शहाणपण दुसरीपर्यंत टिकत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच वर्षात आलं. विकताना मी जे जे झाकायला बघितलं, ते घेताना कुठे शोधायचं हे मला आयतंच कळलं.

सुरुवात अर्थातच कागदांपासून झाली. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबांनी सगळं जपून ठेवलं होतं, असा आमचा समज. ट्रंकेत माझी पाचवीची प्रगतिपुस्तकं निघाली, रॉकेलचं कार्ड निघालं, पंख्याची 1989 ची पावती निघाली. घराचा करारनामा निघाला तो एका प्लास्टिकच्या पिशवीत, कडा पिवळ्या पडलेला, आणि त्यावर अगदी किरकोळ किमतीचा मुद्रांक.

हे घर बाबांनी बिल्डरकडून घेतलेलं नव्हतं. 1984 मध्ये बिल्डरकडून पहिल्या मालकानं घेतलं आणि 1987 मध्ये त्याच्याकडून बाबांनी, 92 हजारांना. म्हणजे कागद दोन, आणि वकिलांच्या भाषेत या कागदांना 'साखळी' म्हणतात. घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक ही साखळी पहिल्या कडीपासून मागते. आमच्याकडे 1987 ची कडी अस्सल होती आणि 1984 ची फक्त झेरॉक्स. शिवाय 10 डिसेंबर 1985 पासून महाराष्ट्रात ताबा दिलेल्या साठेखतालाही (म्हणजे पुढे विकण्याच्या करारालाही) खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागू झालेलं. त्यामुळे 1984 चा पाच रुपयांचा स्टँप त्या काळाला धरून ठीक होता, पण बाबांच्या 1987 च्या कागदावरचं शुल्क अपुरं होतं. त्या काळी हजारो लोकांनी असंच केलं, कारण सगळे असंच करत होते. अपुऱ्या शुल्कावर दरमहा 2 टक्के दंड चढत जातो हे तेव्हा कुणी सांगत नसे.

नशीब असं की नेमकी डिसेंबर 2023 मध्ये सरकारची मुद्रांक शुल्क अभय योजना सुरू झाली. 1980 ते 2000 या काळातल्या दस्तांवर शुल्काची थकबाकी लाखाच्या आत असेल, तर पहिल्या टप्प्यात शुल्कही माफ आणि दंडही माफ. आम्ही अर्ज केला, दोन हेलपाटे झाले, काम झालं. पण योजना काही आपल्या सोयीनं येत नाही. तेव्हा घर विकायचा विचार नुसता डोक्यात आला असेल तरी आधी ट्रंक उघडा. गिऱ्हाईक दारात आल्यावर ट्रंक उघडणारा माणूस भावात मार खातो. बँकेचा वकील पंधरा दिवसांत तीन प्रश्न काढतो, घेणारा अस्वस्थ होतो, आणि तुम्ही घाईघाईनं लाखभर खाली येता. मी ओळखीत दोन घरं अशी उतरलेली पाहिली आहेत.

मग वारसाचा विषय. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, आणि आम्ही सगळे निवांत होतो की घर आता आईचंच. तसं नसतं. सोसायटी घर नॉमिनीच्या नावावर करते ते सांभाळायला. मालकी वारसांची राहते. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणून हिंदू वारसा कायद्यानं आई, ताई आणि मी, तिघांचा सारखा तिसरा हिस्सा. आजी हयात असती तर चौथा वाटा तिचाही झाला असता, हे बऱ्याच घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही. ताई नाशिकहून आली, आम्ही दोघांनी आईच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं आणि घर तिच्या एकटीच्या नावावर आणलं.

इथे एक गोष्ट बोलतो. हक्कसोडपत्र हा आपल्याकडचा फार सभ्य दिसणारा कागद आहे. नाममात्र मुद्रांक, दोन साक्षीदार, अंगठा, आणि बहिणीचा वाटा संपला. भाऊबीजेच्या साडीवर कितीतरी घरांनी हा हिशेब मिटवलेला आहे. आम्ही भावाच्या नावानं न करता आईच्या नावानं केलं, तरी सही करताना ताई एक क्षण थांबली, हे मी पाहिलं. पुढे पुण्याचं घर घेतल्यावर आईनं पहिलं काम काय केलं असेल, तर मृत्युपत्र नोंदवलं. निम्मं ताईला, निम्मं मला. मृत्युपत्र नोंदवण्याची कायद्यानं सक्ती नाही. आईचं म्हणणं, "नोंदवलेलं बरं. तुम्ही दोघं चांगले आहात, पण मी पुढची खात्री कशी देऊ?"

1984 च्या गहाळ कागदासाठी पोलिसांत तक्रार दिली आणि वकिलांनी दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरू होणारी. 14 दिवसांच्या आत कोणाचा काही हक्क, हितसंबंध असल्यास कळवावे. बाबांचं नाव आयुष्यात प्रथमच पेपरात छापून आलं, मागे 'कै.' लागून, आठव्या पानावर, एका हरवलेल्या करारनाम्यासंदर्भात. आईनं ते कात्रण कापून ठेवलं आहे. मी का म्हणून विचारलं नाही.

सोसायटीचा अनुभव थोडक्यात सांगतो, कारण तो सगळीकडे सारखाच असतो. घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटीनं घ्यायच्या हस्तांतरण अधिमूल्याला महापालिका हद्दीत 25 हजारांची कमाल मर्यादा आहे, 2001 च्या शासन निर्णयानं घातलेली. आमच्या कमिटीनं मात्र 'स्वेच्छा विकासनिधी' म्हणून लाखभर मागितले. स्वेच्छा त्यांची, निधी आमचा. मी शासन निर्णयाची प्रत सेक्रेटरींच्या हातात ठेवली, चहा प्यायलो, आणि 25 हजारांचा चेक दिला. भांडण झालं नाही. कागद हातात असला की आवाज चढवावा लागत नाही.

आता भाव. ब्रोकर म्हणाला 45 लाख, खालचे जोशीकाका म्हणाले 50 च्या खाली देऊ नकोस, आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत तर त्याच गल्लीत लोक 55 मागत होते. मागायला काय जातं? मी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये बसलो आणि आमच्याच इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत वर्षभरात झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू काढले. म्हणजे सूची क्रमांक दोन. त्यात कुणी, कुणाला, किती क्षेत्र, कितीला विकलं आणि त्या जागेचा सरकारी बाजारभाव किती, सगळं येतं. 38 लाख, 40 लाख, 39 लाख 50 हजार. लिफ्ट नसलेली तीन मजली इमारत, 410 चौरस फूट बिल्टअप. एका संध्याकाळच्या त्या कामानं माझ्या डोक्यातले 50 लाख 42 वर आले, आणि मला ब्रोकरचा राग येणंही थांबलं. घेणाऱ्यानंही घरमालकाची भावनिक भाषणं ऐकण्याआधी हे करावं.

आणि मग रंग. जानेवारीत रंगारी आला. त्यानं आतल्या खोलीतलं कॅलेंडर काढलं, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, पुट्टी मारून दोन हात देतो. जूनपर्यंत काही दिसणार नाही." मी हो म्हणालो. हे मला इथे लिहायलाच हवं. मी जराही न घुटमळता हो म्हणालो. डोंबिवलीत घर विकायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत का विकायचं, हे मला त्या क्षणी समजलं. हवा कोरडी, भिंती कोरड्या, उजेड लख्ख. भिंत इतकी सुरेख झाली की मी तिचे फोटो काढून जाहिरातीत टाकले.

रविवारी एक जोडपं बघायला आलं. तो बीकेसीत नोकरीला, ती घरून काम करणारी, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. आईही त्या दिवशी शेवटचं घर बघायला म्हणून माझ्याबरोबर आली होती. सगळं छान चाललेलं. त्या मुलीनं आतल्या खोलीत हात पसरून अंतर मोजलं आणि नवऱ्याला म्हणाली, "पलंग इथे बसेल, या भिंतीला." आणि आई म्हणाली, "तिथे नको गं लावूस. पावसाळ्यात ती भिंत घामेजते."

खोलीत शांतता. मी पंख्याकडे बघू लागलो. आईनं मग त्यांना सगळी कथाच सांगितली: बाहेरून कुठे चीर आहे, कोणत्या साली कुणी काय केमिकल मारलं, कॅलेंडर का असायचं. खिळा दाखवला. त्या मुलीनं नव्या रंगावर तळवा ठेवून पाहिला, आणि जाताना साडेएक्केचाळीसचा आकडा एक्केचाळीस झाला.

परतीच्या गाडीत मी लोणावळ्यापर्यंत बोललो नाही. मग म्हणालो, "पन्नास हजारांची ओल होती आई ती."

"अरे, पोर लहान आहे त्यांचं," ती म्हणाली. "उशाशी ओली भिंत. खोकत बसेल ते."

नंतर आमच्या वकीलबाईंना मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली, तर त्या हसल्याच नाहीत. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा. घेणाऱ्याला सहज नजरेनं दिसणार नाही असा मोठा दोष ठाऊक असेल तर विकणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे म्हणे. वर पुट्टी मारून झाकणं तर आणखी वाईट. म्हणजे आईनं दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा न वाचता पाळला होता आणि मी सुशिक्षित माणसानं सात हजार रुपये देऊन मोडायला घेतला होता.

इसारपावती मी स्वतः लिहिली. एक लाखाचा चेक, आणि एक ओळ: कर्ज मंजूर न झाल्यास इसाराची रक्कम काहीही न कापता 15 दिवसांत परत. ब्रोकर म्हणाला, अशी ओळ विकणाऱ्यानं कशाला घालायची? पण इसारावरून होणारी बहुतेक भांडणं याच एका न लिहिलेल्या ओळीची असतात. पुढे पुण्यात मी तीच ओळ मागितली तेव्हा समोरच्या ब्रोकरचा चेहरा अगदी तसाच झाला.

साठेखत नोंदवायला दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो तो दिवस नेहमीसारखा: टोकन नंबर, सर्व्हर डाउन, फोटो, थंब, प्रत्येक पानाला तेव्हाचं 20 रुपये हाताळणी शुल्क. पुनर्विक्रीत कर्जाची रक्कम साठेखत नोंदल्यावर येते, म्हणजे मधले काही दिवस तुमच्या सह्या झालेल्या असतात आणि पैसे आलेले नसतात. त्या दिवसांत किल्ली द्यायची नाही. "फक्त सुताराला मापं घेऊ द्या", "फक्त टाकी धुऊन घेतो", काहीही असो. मापं घ्यायला मी स्वतः दार उघडून उभा राहिलो. शेवटचा डीडी खात्यात जमा झाल्यावर खरेदीखत आणि किल्ली. ज्यांना यात उद्धटपणा दिसतो, त्यांनी ताबा दिल्यावर सहा महिने पैशांसाठी फेऱ्या मारणाऱ्याला भेटावं.

विकलेल्या घराच्या पैशाला एक तारीख चिकटलेली असते, ती मात्र फार जणांना माहीत नसते. करासाठी आईचा नफा काढताना 1987 चे 92 हजार धरत नाहीत. 2001 च्या आधीच्या घराला 1 एप्रिल 2001 चं मूल्य धरता येतं, नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढलेलं. आमचं निघालं 3 लाख 80 हजार. 2001-02 चा महागाई निर्देशांक 100 धरून 2023-24 चा होता 348, म्हणजे ते झाले 13 लाख 22 हजार 400. 41 लाखांतून वजा जाता नफा 27 लाख 77 हजारांच्या वर. तो सगळा दोन वर्षांत दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कर नाही, इतपत सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत: विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत, आमच्या बाबतीत 31 जुलै 2024 पर्यंत, घर घेऊन झालेलं नसेल तर तो पैसा बँकेत 'कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम'च्या खात्यात ठेवावा लागतो. बचत खात्यात पडून राहिला तर सवलत धोक्यात. आम्ही ज्या पहिल्या शाखेत गेलो तिथल्या साहेबांनी अशी योजना नाहीच म्हणून सांगितलं. दुसऱ्या शाखेत एका बाईंनी कपाटातून फॉर्म काढून दिला. त्यांना आईनं नंतर तिळगूळ पाठवला. (आम्ही हा हिशेब केल्यानंतर, 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला नियम बदलले: निर्देशांकाशिवाय 12.5 टक्के. जुन्या घरांना जुना 20 टक्क्यांचा हिशेब करून त्यातला कमी तो कर भरायची मुभा राहिली. आपल्या सीएला विचारूनच काय ते ठरवा.)

आता घेणारा मी.

पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही अकरा घरं पाहिली. पावसात. हे मी हट्टानं केलं. माझा हिशेब साधा होता: मी जानेवारीत विकलं, तर दुसराही जानेवारीतच विकायला बघेल.

पहिलं पसंत पडलेलं घर न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाचं होतं. मामा इथे कुलमुखत्यारपत्रावर सगळं बघत होते. घर देखणं, मामा गोड. पण मुखत्यारपत्र नऊ वर्षांपूर्वीचं. मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते संपतं, आणि तो आज हयात आहे की नाही, त्यानं ते मध्येच रद्द केलंय की नाही, हे मामांच्या शब्दाशिवाय कळायला मार्ग नव्हता. आम्ही व्हिडिओ कॉल मागितला, तो तीन आठवडे जमला नाही. शिवाय विकणारा अनिवासी असला की घेणाऱ्यानं कापायच्या कराचा 1 टक्का राहत नाही. दर बराच मोठा, त्यासाठी तेव्हा कर कापणाऱ्याचा वेगळा टॅन नंबर लागायचा, आणि चुकलं तर जबाबदारी आपली. परदेशातल्या मराठी माणसांची पुण्यातली बंद घरं आज बाजारात पुष्कळ आहेत आणि चांगली आहेत. फक्त ती घेताना दोन महिने जास्तीचे धरा.

नव्या इमारतींतही डोकावलो. सेल्स ऑफिसात थंड कॉफी मिळते आणि चौरस फुटांचा आकडा मिळतो, पण तो कशाचा आकडा हे विचारावं लागतं. महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण, 1 मे 2017 पासून आहे, किंमत कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रावर, सांगितली पाहिजे, नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत, हे सगळं खरं. तरी जिना-लॉबीचा वाटा मिसळून फुगवलेल्या 'सेलेबल' क्षेत्राचं भूत अजून कॉफीबरोबर फिरतंच. आणि मी डोंबिवलीकर. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या तिथल्या 65 इमारतींचं प्रकरण मला ऐकून माहीत नाही, त्या रस्त्यांवरून मी चाललेलो आहे. 2024 च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. आत माणसं राहत होती, हप्ते भरत होती. महारेरा नंबर आहे म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्याला मी तेव्हापासून एवढंच सांगतो की बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ती त्यांनीच दिलीय का, ते विचार. अर्धा दिवस जातो.

आईनं नवी इमारत वेगळ्याच कारणानं नाकारली. "ताबा कधी?" तिनं विचारलं. डिसेंबर 2027. "बाळा," ती त्या टाय लावलेल्या मुलाला म्हणाली, "मी एक्काहत्तरची आहे."

कर्वेनगरातलं घर आठवं. 1998 ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट, खाली इस्त्रीवाला. मी वर जायच्या आधी इस्त्रीवाल्याकडे गेलो. इमारतीबद्दल सेक्रेटरीला कमी आणि इस्त्रीवाल्याला जास्त माहीत असतं. उन्हाळ्यात टँकर येतात का? मार्च ते मे, दिवसाआड एक. लिफ्ट? मागच्या वर्षी नवीन. हे लोक का विकतायत? मुलगा बंगलोरला, तिकडे चाललेत. तीनही उत्तरं पुढे खरी निघाली.

वर गेल्यावर मालकीणबाई हॉल दाखवत होत्या, बाल्कनीतून दिसणारा पिंपळ दाखवत होत्या. आई सरळ आत गेली. भिंतीतलं कपाट उघडायला सांगितलं, कपड्यांमध्ये तोंड घातलं आणि श्वास घेतला. मग ओट्याखालचं दार उघडलं, वाकून सिंकच्या पाइपामागे हात फिरवला. मग न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर तळवा ठेवून उभी राहिली, एखाद्या लेकराचा ताप बघावा तशी. "इथे आहे," ती म्हणाली. वर बघितलं तर छताच्या कोपऱ्यात रंगाला फोड आलेले. त्याच्यासमोर एक भलीमोठी फुलदाणी स्टुलावर ठेवलेली होती.

मला हसू आलं. त्यांचं कॅलेंडर.

तडक वरच्या मजल्यावर जाऊन पाणी मागितलं. वरचे गृहस्थ भले निघाले. त्यांच्या बाथरूमच्या फरशीखालून गळत होतं, त्यांना ठाऊक होतं, पण खालचे कधी ठामपणे बोललेच नव्हते. गच्चीची गळती असेल तर दुरुस्ती सोसायटीची, वरच्याच्या न्हाणीघराची असेल तर वरच्याची, हा सोसायट्यांच्या उपविधींतला साधा नियम. साठेखताआधी दुरुस्ती करून घ्यायची, हे आम्ही इसारपावतीत लिहून घेतलं आणि ती झाल्यावर दोन मोठे पाऊस पडेपर्यंत थांबलो.

कागद बाकी चोख होते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला महापालिकेनं दिलेली परवानगी, होतं. सोसायटीनं मानीव अभिहस्तांतरण करून घेतलेलं, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, मालमत्ता पत्रकावर तशी नोंद. उद्या पुनर्विकास आला तर जमिनीसाठी जुन्या बिल्डरच्या दारात जायला नको. पार्किंगबद्दल मालक म्हणाले, "ते आम्ही वेगळे पैसे देऊन विकत घेतलंय." इमारतीखालचं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलंय. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये वाटप कुणाच्या नावे आहे तेवढं पाहायचं. आईकडे गाडी नाहीच, पण माझी कधीमधी लागणार.

मग ब्रोकरनं बाजूला घेऊन विचारलं, "सर, थोडं कॅश बसवता येईल का?" मी नाही म्हणालो, आणि हे तत्त्वनिष्ठा म्हणून सांगत नाही. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हा एक भाग. दुसरा भाग घेणाऱ्याचा: कागदावर किंमत कमी दाखवली की पुढे विकताना तेवढा नफा फुगतो, आणि सरकारी मूल्याहून फारच खाली गेली तर तो फरक तुमचंच उत्पन्न धरला जातो. रोखीतला फायदा बहुतेक विकणाऱ्याचा असतो आणि पुढची डोकेदुखी घेणाऱ्याची. विकताना मलाही हा मोह कुणी घातला असता तर मी काय केलं असतं, ते मी सांगत नाही. पुट्टीचं आधीच सांगून बसलोय.

58 लाखांत ठरलं. डोंबिवलीचे 41, आईच्या ठेवी, उरलेले मी. घर तिच्या एकटीच्या नावावर, त्यामुळे पुण्यातलं 7 टक्के मुद्रांक शुल्क बाईमाणसासाठी 6 झालं: 4 लाख 6 हजारांऐवजी 3 लाख 48 हजार. माझं नाव जोडलं असतं तर ही सवलत गेली असती. वर नोंदणी शुल्क 30 हजार. आणि 50 लाखांच्या वरचं घर म्हणून विकणाऱ्याच्या पैशांतून 1 टक्का कर कापून आम्ही भरायचा, तोही 58 हजारच. आईला हे कळेना की तेच 58 हजार एकदा वाचले आणि एकदा भरायचे, हे कसं. ते पैसे आपले नव्हतेच, त्यांचे होते, हे मी तीनदा समजावलं. "मग ठीक आहे," ती म्हणाली, पण तिचं समाधान काही झालं नव्हतं.

घर नावावर झाल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामं: वीजमीटर, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि मिळकतकर. पुण्यात स्वतः राहत्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत आहे. त्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज. नव्या मालकानं तो भरला नाही तर बिल फुगून येतं आणि मग लोक महापालिकेला शिव्या देतात. नॉमिनीचा अर्जही त्याच दिवशी. आईनं तिथे ताईचं नाव घातलं. "मृत्युपत्रात दोघं आहात, फॉर्मवर ती राहू दे," एवढंच म्हणाली.

गेल्या जुलैत डोंबिवलीहून फोन आला. ती मुलगी होती. माझ्याकडून नंबर घेऊन तिनं आईलाच लावला. मी शेजारी बसून एकीकडचंच ऐकत होतो.

"हो ना... किती मोठी? ... अगं, आतून काही मारू नकोस, पैसे पाण्यात. मे महिन्यात बाहेरून झुला लावून चीर बुजवून घ्यायची. सोसायटीच्या मागे लाग, बाहेरची भिंत त्यांची... पलंग दुसरीकडे लावलास ना? ... बाळ कसं आहे?"

मग बराच वेळ आई ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आणि खिळा आहे का गं अजून तिथे?"